छाट

आई विचारते, "पास व्हायला किती लागतात?
पस्तीस की चाळीस?"
मी म्हणते, या परीक्षेत मार्कच नसतात.
ती कूलरमध्ये बादली ओतता ओतता थांबते.
"मार्क नाही, अन् परीक्षा?"

मेडिकलची रात्रपाळी करून आलेय.
चपला काढल्या, तरी तळव्यांखाली
वॉर्डाची फरशी सरकतेच आहे.
इंदोऱ्याच्या गल्लीत सकाळी आठलाच
ऊन पत्र्यावर चढलंय.

समोर संगणक असतो, मी सांगते.
उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड,
चुकलं की सोपा.
कोरा सोडता येत नाही.
मागे जाता येत नाही.
"म्हणजे जो चांगलं करते, त्यालेच जास्त तरास?"
हो.
"मंग यात नवीन काय आहे बाप्पा?"

कमीत कमी पंच्याऐंशी प्रश्न, जास्तीत जास्त दीडशे,
पाच तास.
मधेच केव्हातरी पडदा बंद होतो,
म्हणजे यंत्राची खात्री पटली:
ही जमेल,
किंवा, ही नाही.
दोन्हींपैकी कोणती, ते त्या घडीला सांगत नाही.

शीलरत्ना रंगारीचं पंच्याऐंशीला थांबलं.
हैदराबादच्या लॉजवर रात्रभर रडली. पास झाली.
पिल्लेवान सिस्टर दीडशेपर्यंत गेली,
हसत बाहेर आली,
तिचं नाही झालं.

आई कामठीत एकतीस वर्षं विड्या वळायची.
मोजणी तिला कोणी शिकवायला नको.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार.
चेकर विडी दोन बोटांत दाबून बघायचा,
नरम लागली की छाट.
छाटीची मजुरी नाही,
आणि छाटलेली विडीही परत नाही.
"यायच्यात छाट कोणाजवळ राहते?"

मी उत्तर शोधते.
सांगते, पंधरा प्रश्न असे असतात
जे मोजतच नाहीत.
कोणते, ते कळत नाही,
म्हणून सगळेच जीव लावून सोडवायचे.
ती मान हलवते. हे तिला पटतं,
का पटतं ते विचारायचं धाडस मला होत नाही.

आणि "लागू असतील ते सर्व निवडा" म्हणतात तेव्हा
बरोबरला एक मिळतो, चुकीला एक जातो,
पण शून्याच्या खाली कोणाला नेत नाहीत.
"हे बरं आहे," आई म्हणते.
"एवढी तरी लाज आहे त्यायले."

पुस्तकातल्या वॉर्डात चार पेशंट असतात,
ग्लोव्हज् असतात, बेल दाबली की कोणीतरी येतं.
काल रात्री आम्ही दोघी होतो
आणि बासष्ट.
सतरा नंबरचे उईके बाबा
दोनपर्यंत ओरडत होते, मग गप्प झाले.
मी अकरा नंबरच्या सलाइनशी होते.
वळून पाहिलं
आणि धावले.
वेळेत पोचले. या खेपेस.

आई पुस्तक उघडते. अक्षर तिला लागत नाही,
ती बोट ठेवते, मी मराठीत वाचते:
एकाला उलटी झालीय, एक रागावून भांडतोय,
एकीला घरी जायचंय, कागद हवेत.
चौथा सकाळपासून कण्हत होता,
आता शांत पडलाय.
आधी कोणाकडे जाल?

ती विचारसुद्धा करत नाही.
"जो आवाज करून नाही राहिला, त्याच्याकडे."

मागच्या पानावरचं उत्तर बघते.
बघायची गरज नव्हती.

"बरोबर आहे?"
हो.

ओले हात पदराला पुसून
ती माझ्यासमोर मांडी घालते,
विड्यांचं सूप मांडीवर घ्यायची तशी, ताठ.
"मंग आता याच्याहून कठीण विचार."